अळीचा आठवडा आणि नळाचा दिवस

ड्रम रिकामा केला, आतून विसळला, नळ आल्यावर काठोकाठ भरला आणि वर झाकण ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तांब्या बुडवायला जावं तर पाण्यात दोऱ्याचे तुकडे वळवळताहेत! छत्रपती संभाजीनगरात हा अनुभव न आलेलं घर शोधावंच लागेल. नाथसागरासारखा अफाट जलाशय पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, आणि शहरात मात्र वर्षानुवर्षं नळ येण्याचे दिवस मोजायचे. उन्हाळ्यात काही वसाहतींमध्ये ही पाळी आठ-दहा दिवसांवर गेलेली आहे. त्यामुळे घरात जेवढी भांडी, तेवढी भरलेली. गच्चीवर टाकी, मोरीजवळ निळा ड्रम, अंगणात हौद, ओट्याखाली हंडे-कळश्या. आणि अळ्या दिसल्या की निकाल ठरलेला असतो: ‘नळातूनच आल्या!’

नळाची बाजू घ्यावी असं त्याने एरवी फारसं काही केलेलं नाही. पण या एका आरोपातून त्याला सोडावं लागेल. डासाच्या अळीला संथ पाणी लागतं आणि त्या पाण्याचा वरचा थर उघड्या हवेला भिडलेला लागतो. दाबाने वाहणाऱ्या पाइपात यातलं काहीच नसतं. मग त्या आल्या कुठून? त्या ड्रमातच होत्या. तुम्ही ड्रम विसळलात तेव्हाही.

भिंतीला चिकटलेली अंडी

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर, एकेक सुटं अंडं चिकटवत जाते. एका खेपेला साधारण शंभरेक अंडी, आणि तीही सगळी एकाच भांड्यात नाहीत. थोडी या ड्रमात, थोडी त्या कूलरमध्ये, चार कुंडीखालच्या ताटलीत. अंडं घातलं तेव्हा पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. काळ्या किंवा गडद निळ्या ड्रमाच्या आतल्या बाजूला ते नजरेला पडणं अवघडच. जमलेल्या मळाच्या रेघेत ते मळासारखंच दिसतं.

पाणी वापरता वापरता पातळी खाली जाते आणि ही अंडी कोरडी पडतात. बऱ्याच दुसऱ्या जातींच्या डासांची अंडी अशी वाळली की मरतात. एडिसची मरत नाहीत. आतला जीव दोन-तीन दिवसांत पूर्ण तयार होतो आणि कवचाच्या आत थांबून राहतो. कितीही दिवस नाही, पण महिनोन्‌महिने. पुढे नळ येतो, ड्रम भरतो, पातळी त्या रेघेच्या वर चढते आणि अंडी बुडतात. बुडलेल्या अंड्याभोवती जिवाणू वाढू लागतात, ते पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि प्राणवायू कमी झाल्याची ही खूणच आतल्या अळीला बाहेर पडायला सांगते. काही अंडी बुडाल्यावर तासाभरातही फुटतात.

निसर्गाची खरी लबाडी यापुढे आहे. सगळी अंडी एकाच भिजण्यात फुटत नाहीत. काही पहिल्यांदा, काही दुसऱ्यांदा, काही आणखी एक-दोनदा भिजून वाळल्यावर. झाडाच्या ढोलीतलं पाणी एखाद्या अवकाळी सरीने भरून दोन दिवसांत आटलं, तर सगळा वंश एका फटक्यात बुडू नये म्हणून उत्क्रांतीने केलेली ही सोय. आपण तिला ड्रम दिला, आणि दर आठ दिवसांनी पातळी खालीवर करणारा नळही दिला.

म्हणून नुसतं विसळून उपयोग होत नाही. अंडं घट्ट चिकटलेलं असतं. ते पाण्याच्या हबक्याने निघत नाही, घासावं लागतं.

नळी वर, डोकं खाली

एका काचेच्या पेल्यात चार अळ्या घ्या आणि उजेडासमोर धरा. त्या उलट्या लटकलेल्या दिसतील. शेपटीचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेलं, डोकं खाली. पेल्याला टिचकी मारा किंवा वरून हाताची सावली पाडा. सगळ्या एकदम वेडीवाकडी अंगं फेकत तळाशी पळतील. थोडा वेळ थांबा. एकेक करून त्या परत वर येतील. यावंच लागतं, कारण श्वास वर आहे.

आता शेपटीकडे नीट बघा. तिला दोन फाटे दिसतात. त्यातला जाडसर, काळपट फाटा म्हणजे श्वासनळी. तिच्या टोकापासून निघून अंगभर गेलेल्या दोन चकचकीत रुपेरी रेघा भिंगाशिवायही ओळखता येतात. त्या हवेने भरलेल्या नळ्या आहेत. कीटकांना फुप्फुसं नसतात आणि त्यांचं रक्त प्राणवायू वाहून नेण्याचं काम सहसा करत नाही. हवा अशा नळ्यांमधून, फाटे फुटत फुटत, थेट शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचते. जमिनीवरच्या झुरळाचंही असंच. फरक इतकाच की झुरळाला बरगड्यांच्या जागी दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि एडिसच्या अळीचा सगळा कारभार शेपटीच्या एका टोकावरून चालतो.

पण नळीचं तोंड पाण्यातून वर उघडताना पाणी आत का शिरत नाही? अळवाचं पान आठवा. पानावर पाणी ओतलं तरी ते पसरत नाही. थेंब होऊन घरंगळतं, पान कोरडंच राहतं. श्वासनळीच्या टोकाला पाच चिमुकल्या पाकळ्या असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूचा स्वभाव या पानासारखा, पाण्याला जवळ न करणारा. अळी वर आली की पाकळ्या उघडतात, पाणी मागे सरतं आणि नळीला हवा लागते. अळी खाली जायला निघाली की पाकळ्या मिटतात, पाणी बाहेरच राहतं. या उघडलेल्या पाकळ्यांना पाण्याचा वरचा ताणलेला थर धरून ठेवतो, म्हणून अळीला तिथे लटकायला कष्ट पडत नाहीत.

हा ताण मोडला की अळीचं सगळं गणित मोडतं. डबक्यावर रॉकेल किंवा जळकं तेल टाकायची जुनी पद्धत यावरच चालते. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो, पाण्याला दूर ठेवणाऱ्या पाकळ्या तेलाला मात्र अडवू शकत नाहीत, तेल नळीत शिरतं आणि अळी गुदमरते. हा उपाय गटारासाठी आणि साचलेल्या घाण पाण्यासाठी. प्यायच्या किंवा वापरायच्या पाण्यात तेल टाकायचं नाही, हे सांगायला लागू नये. पण कूलरमध्ये रॉकेल ओतणारे लोक आहेत.

हवाच लागते, तर पाणी कशाला?

सरळ प्रश्न आहे. श्वास हवेतला घ्यायचा, तर पाण्यात राहायचंच कशाला?

पहिलं कारण कातडी. जमिनीवरच्या किड्याच्या अंगावर मेणचट लेप असतो, त्यामुळे भर उन्हातही त्याच्या आतलं पाणी आतच राहतं. डासाच्या अळीची कातडी पातळ आणि पाझरती. तिला तापलेल्या फरशीवर टाकली तर थोड्याच वेळात सुकून जाते. दुसरं कारण पोट. तोंडापाशी केसांचे दोन झुबके असतात. ते सतत हलवून अळी पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढते आणि त्यातून येणारे जिवाणू, शेवाळाचे कण, कुजका कचरा गाळून खाते. एडिसची अळी भांड्याच्या तळाला आणि भिंतींवर जमलेला बुळबुळीत थरही खरवडते. ‘आमचं पाणी तर आरशासारखं स्वच्छ आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या टाकीत अळ्या वाढतात त्या या थरावर. तिसरं, तिला पाय नाहीत. अंग वाकवून पाणी मागे ढकलणं एवढीच तिची चाल, आणि ती पाण्याबाहेर निरुपयोगी.

पाण्यात राहण्याची एक अडचणही आहे, आणि ती मला या सगळ्यात फार गमतीची वाटते. अळीच्या अंगातला रस नळाच्या पाण्यापेक्षा खारट असतो. त्यामुळे बाहेरचं पाणी कातडीतून सारखं आत झिरपत राहतं. काहीच केलं नाही तर अळी फुगेल आणि तिच्या अंगातले क्षार विरळ होत जातील. ती हे जादा पाणी अगदी पातळ मूत्राच्या रूपाने टाकत राहते. त्यातून थोडे क्षार जातातच. ते भरून काढायला शेपटीच्या दुसऱ्या फाट्याच्या टोकाला चार पारदर्शक बोटं असतात. अजाण माणूस त्यांना कल्ले समजतो, पूर्वी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे. त्यांचं मुख्य काम मात्र पाण्यात विरघळलेले क्षार वेचून आत घेण्याचं. कमी क्षारांच्या पाण्यात वाढलेल्या अळीची ही बोटं मोठी होतात, खारट पाण्यात वाढलेलीची आखूड राहतात. एकाच आईची पिल्लं, पण पाणी बदललं की अवयवाचं माप बदलतं.

कूलरच्या पाण्यात चिमूट-दोन चिमूट मीठ टाकणाऱ्यांसाठी हे सांगतो आहे. तेवढ्याने अळीला काहीच होत नाही. तिला मारायला पन्नास लिटरच्या कूलरमध्ये अर्ध्या किलोहून जास्त मीठ लागेल, आणि मग अळीच्या आधी कूलरचा पत्रा जाईल.

वाढताना अळी चार अवस्थांतून जाते, प्रत्येक वेळी कात टाकते. चौथीनंतर तिचा कोष होतो. स्वल्पविरामासारखा वाकलेला, डोक्याकडे जाड. आता श्वासाची जागाही बदलते. शेपटीकडची नळी जाते आणि पाठीवर कर्ण्यासारख्या दोन छोट्या नळ्या येतात. कोष काहीच खात नाही, पण टिचकी मारली तर पळतो. उन्हाळी हवेत साधारण दोन दिवसांत त्याची पाठ उकलते आणि डास आपल्याच रिकाम्या सालीवर उभा राहून पंख वाळवतो. तेवढा वेळ पाणी हललं नाही तर उडतो. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उष्ण दिवसांत अंडं फुटल्यापासून इथवरचा प्रवास सात ते दहा दिवसांचा. गारठा असेल तर लांबतो, खायला कमी असेल तर आणखी लांबतो.

चौकट: आपल्या टाकीत कोण आहे?

अळी शेपटी पृष्ठभागाला लावून तिरकी लटकलेली, श्वासनळी आखूड आणि जाड: एडिस. डेंग्यू, चिकुनगुन्या. घरातलं स्वच्छ, साठवलेलं पाणी. चावतो तो दिवसा.

तशीच तिरकी, पण श्वासनळी लांब आणि बारीक: क्युलेक्स. हत्तीरोग पसरवणारा. गटार, सेप्टिक टँक, घाण पाणी. अंडी शेकड्यांनी एकमेकांना चिकटवून तराफ्यासारखी पाण्यावर सोडलेली.

लटकत नाही, पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, श्वासनळीच नाही: अ‍ॅनॉफिलिस. मलेरिया. शहरात गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि विहिरी ही त्याची जागा. अ‍ॅनॉफिलिसच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना पहिल्यांदा दिसला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादला. आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबादही, त्याच निजामी मुलखात होतं.

लाल रंगाची, तळाच्या गाळात वळवळणारी: ही डासाची नाही. तिच्याविषयी पुढे.

पाण्यातलाच प्राणवायू वापरणारे

डासाच्या अळीने हवेशी संबंध तोडला नाही, यामागे हिशेब आहे. एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे दोनशे दहा मिलिलिटर. 25 अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम सहा मिलिलिटर मावतो. पाणी तापलं की त्याहून कमी, आणि त्यात सांडपाणी मिसळलं तर जवळजवळ शून्य. वरून हवा घेणाऱ्या अळीला याचं सोयरसुतक नाही. म्हणून क्युलेक्स सडक्या गटारातही सुखाने वाढतो.

मॅन्सोनिया नावाच्या डासाने तिसरीच वाट काढली. त्याच्या अळीची श्वासनळी करवतीसारखी टोकदार असते. ती नळी जलपर्णीच्या किंवा तशाच तरंगत्या वनस्पतीच्या मुळात खुपसते आणि मुळातली हवा घेते. वर यायची गरजच नाही. जलपर्णी वाढलेल्या तळ्यात तेल टाकून हा डास जात नाही तो यामुळेच. आधी जलपर्णी काढावी लागते.

पण असंख्य किडे पाण्यातल्या त्या तुटपुंज्या प्राणवायूवरच जगतात. टाकी धुताना तळाच्या गाळात निघणाऱ्या लाल अळ्या घ्या. त्यांनी भलतीच घबराट होते. लोक त्यांना जंत समजतात, रक्त पिणारे किडे समजतात. त्या कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या आहेत. पोटात गेल्या तरी जंत होत नाहीत. लाल रंग आहे तो हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याच्याच कुळातला. कीटकांमध्ये हे अगदी विरळ. गाळात प्राणवायू फारच कमी, तो मिळेल तेव्हा पकडून ठेवायला ही युक्ती. अशा अळ्या दिसल्या तर त्यातून एवढंच कळतं की टाकीचा तळ बरेच दिवस घासलेला नाही. ही गोष्ट काही कमी लाजिरवाणी नाही, पण दवाखाना गाठण्यासारखीही नाही.

प्राणवायूच्या दुसऱ्या टोकाला डोंगरातल्या ओढ्यांचे रहिवासी आहेत. कन्नडजवळच्या गौताळ्याच्या जंगलात पावसाळ्यात ओढे खळाळत असतात. अशा वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघितला की खाली चपट्या अंगाचे, दोन-तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले सापडू शकतात. मेफ्लायची ही पिल्लं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे पातळ कल्ले, आणि त्यांतून प्राणवायू थेट आत. पाणी वाहतं, थंड आणि निर्मळ असेल तोवर उत्तम चालतं. पाणी साचून तापलं, त्यात मैला मिसळला की सगळ्यात आधी हे जातात. म्हणून नदीची तब्येत पाहणारे जीवशास्त्रज्ञ बाटलीतल्या रसायनांइतकेच दगडाखालच्या किड्यांकडे बघतात. शहरातल्या खाम नदीच्या स्वच्छतेचं काम गेली काही वर्षं चालू आहे. ते किती साधलं याचं सगळ्यात स्वस्त मोजमाप हेच ठरेल. तळाशी नुसत्या लाल अळ्या आहेत, की दगडाखाली कल्लेवालेही परतले आहेत?

चतुर म्हणजे ज्याला मुलं हेलिकॉप्टर म्हणतात तो. त्याचं बालपणही पाण्यातच, आणि त्याचे कल्ले कुठे असावेत? आतड्याच्या शेवटच्या भागात. चतुराचं पिल्लू गुदद्वारातून पाणी आत ओढतं, त्यातला प्राणवायू घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. संकट आलं तर तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे झेपावतं. खालचा ओठ दुमडून हनुवटीखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो क्षणार्धात पुढे फेकायचा आणि पकडायचं. डासांच्या अळ्या हा त्याचा आवडता घास. चतुराची नाजूक बहीण टाचणी. तिच्या पिल्लाला मात्र शेपटीच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले बाहेरच असतात.

सलीम अली सरोवराच्या किंवा एखाद्या शेततळ्याच्या काठच्या गवतावर सकाळी नीट शोधलं तर चतुराची रिकामी साल चिकटलेली मिळते. पाठ उकललेली आणि त्या फटीतून पांढरे बारीक धागे बाहेर आलेले. ते धागे म्हणजे आतल्या श्वासनळ्यांचं अस्तर. कात टाकताना किडा अंगाची बाहेरची कातडीच टाकतो असं आपल्याला वाटतं. तो आपल्या श्वासमार्गांची आतली कातडीही ओढून काढतो.

मग हा चतुर आपल्या ड्रमातल्या अळ्या का खात नाही? कारण वेळ. चतुराच्या पिल्लाला वाढायला किमान महिना-दीड महिना लागतो, अनेक जातींना कित्येक महिने. डासाला आठवडा. आठवड्याने उपसल्या जाणाऱ्या भांड्यात शत्रू वाढूच शकत नाही. जिवंत तळ्यात मासे, चतुर, पाणभुंगे मिळून डासांच्या अळ्यांना डोकं वर काढू देत नाहीत. पाणचक्कीच्या हौदातही मासे आहेत, तिथेही तेच. माणसाने केलेल्या छोट्या, तात्पुरत्या, रिकाम्या पाण्यात डासाला रान मोकळं मिळतं.

डबकं आटतं तेव्हा

पाण्यावर इतकं अवलंबून असणाऱ्यांनी मराठवाड्यासारख्या मुलखात राहायचं कसं? इथे नाले जेमतेम चार महिने वाहतात. प्रत्येक किड्याने आपापली तोड काढली आहे. एडिसने वाळवण सोसणारं अंडं काढलं. पँटाला या पिवळसर चतुराने घाई आणि प्रवास. पावसाळ्याच्या शेवटी मोकळ्या मैदानांवर घोळक्याने घिरट्या घालताना दिसतो तोच हा. पावसाने नुकत्याच भरलेल्या डबक्यात तो अंडी टाकतो, पिल्लं चतुरांच्या मानाने फार लवकर, दीड-दोन महिन्यांत, वाढतात आणि पाणी आटायच्या आत उडून जातात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडणी केली की यातले लाखो चतुर भारतावरून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेत, तिथल्या पावसात जातात. पाणी आपल्याकडे थांबत नाही म्हटल्यावर पाण्यामागे जायचं.

सगळ्यात टोकाचा उपाय आफ्रिकेतल्या एका चिलटाच्या अळीचा. उघड्या कातळावरच्या उथळ खळग्यांत ती वाढते. खळगा आटला की तीही आटते. अंगातलं पाणी तीन टक्क्यांच्या आसपास उरतं आणि त्याची जागा ट्रेहॅलोज नावाची साखर घेते. श्वास नाही, हालचाल नाही, वाढ नाही. अशी ती वर्षानुवर्षं पडून राहू शकते आणि पाणी मिळालं की तासाभरात हलू लागते. तिच्या पेशींचा अभ्यास आज लशी आणि ऊती कोरड्या ठेवता येतील का, यासाठी चालू आहे.

आठवड्याच्या आत

आता पुन्हा शहराकडे. अळीला अंड्यातून निघून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. नळाची पाळीही काही भागांत तेवढीच. रोज पाणी येत असेल तर कोणी ड्रम भरून ठेवत नाही. ठेवलाच तरी तो रोज उपसला जातो. आठ दिवसांचं पाणी साठवलं की शेवटच्या हंड्याला हात लागेपर्यंत त्यातली अळी डास होऊन गेलेली असते. आणि भीतीपोटी लोक शेवटचा ड्रम हातचा म्हणून राखूनच ठेवतात. पुढच्या वेळी नळ येईलच याची खात्री नसते. तो ड्रम कधीच पुरता रिकामा होत नाही. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ या सूचनेमागचं शास्त्र बिनचूक आहे. पण आठ दिवसांनी पाणी मिळणाऱ्या बाईला सातव्या दिवशी पाणी ओतून दे म्हणणं हा मला उद्धटपणा वाटतो.

हा पेच नवा नाही. क्युबातल्या हवानामध्ये पीतज्वराने माणसं मरत होती आणि तिथेही पावसाचं पाणी पिंपांत, हौदांत साठवलं जाई. तो आजार डास पसरवतो असं कार्लोस फिनले या तिथल्याच डॉक्टराने 1881 मध्ये सांगितलं. वीस वर्षं कोणी ऐकलं नाही. 1901 मध्ये विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टराने घरोघर माणसं पाठवली, पिंपांना झाकणं आणि जाळ्या बसवल्या, वापरात नसलेल्या पाण्यावर तेल टाकलं. काही महिन्यांतच हवानातून पीतज्वर गेला. तो डास हाच, एडिस इजिप्ती. पाणी ओतून द्या असं म्हणून भागलं नसतं. पिंपं झाकून द्यावी लागली.

आपल्याकडे जमेल ते असं. ड्रमाला सैल झाकण नको; फट राहिली तर मादीला हवी असलेली अंधारी, ओलसर, निवांत जागाच तयार होते. जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं फडकं ताणून दोरीने घट्ट बांधलं तर फट राहत नाही आणि मधूनमधून धुताही येतं. गच्चीवरच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधा. तिथून डास आरामात आत-बाहेर करतात. नळ यायच्या दिवशी, भरायच्या आधी, प्रत्येक ड्रम आतून पाण्याच्या रेघेपाशी काथ्याने किंवा ब्रशने घासा. अळ्यांचं पाणी गटारात ओतू नका, तापलेल्या कोरड्या मातीवर किंवा झाडाच्या आळ्यात ओता. कोष ओलसर फरशीवरही तग धरतो आणि त्यातून डास निघतो, म्हणून मोरीत ओतून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

घरोघरी येणारे आरोग्य कर्मचारी पाण्यात टाकतात ते औषध म्हणजे टेमीफॉस. लिटरमागे एक मिलिग्रॅम या मर्यादेत ते पिण्याच्या पाण्यातही चालतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पण त्याने अळी मरते, कोषावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि भिंतीवरचं कोरडं अंडं तसंच राहतं. बीटीआय हे जिवाणूपासूनचं औषध अळीने खाल्लं तरच लागू पडतं. न खाणाऱ्या कोषाला तेही निरुपयोगी. गप्पी मासे हौदात आणि बांधकामाच्या टाक्यांत चांगलं काम करतात. मात्र ते दक्षिण अमेरिकेतले पाहुणे आहेत. ते ओढ्यात, तळ्यात सोडू नका. तिथले देशी मासे आणि चतुरांची पिल्लं हे काम आधीपासून करत आहेत आणि गप्पी त्यांच्याच जिवावर उठतो.

धूरफवारणी उडत्या डासांसाठी असते, पाण्यातल्या पिढीला ती शिवतही नाही. तिच्यावर खर्च होणाऱ्या पैशापेक्षा प्रत्येक वसाहतीला सहा दिवसांच्या आत ठरल्या वारी, ठरल्या वेळी पाणी देणं हा डेंग्यूवरचा मोठा उपाय आहे, असं माझं मत आहे. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आखणाऱ्याने अळीचं वेळापत्रक समोर ठेवावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. पाऊस सुरू झाला की कूलर गच्चीच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर जातो. तो ठेवण्याआधी पाणी काढून टाका, आणि टाकीची आतली बाजू साबणाने, ब्रशने नीट घासून उन्हात वाळवा. तिथे चिकटलेली काही अंडी पुढच्या उन्हाळ्यात कूलर भरेपर्यंत टिकू शकतात.